कामावर परतलं की आईचं दूध का आटतं? आणि ते टिकवायचं कसं?

हिरकणीची गोष्ट महाराष्ट्रात कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. रायगडावर दूध विकायला गेलेली गवळण, संध्याकाळी बंद झालेले गडाचे दरवाजे, घरी भुकेलं तान्हं बाळ आणि अंधारात उतरलेला कडा. या आख्यायिकेतला कडा सगळ्यांच्या लक्षात राहतो. पण ती गडावर अडकली, कारण ती कामाला गेली होती. म्हणजे हिरकणी ही घराबाहेर काम करणारी आई होती आणि तिच्या कामाच्या वेळा बाळाच्या भुकेच्या वेळांशी जुळत नव्हत्या.

आज तिच्या नावाने एसटी स्टँडवर आणि सरकारी कार्यालयांत 'हिरकणी कक्ष' आहेत. प्रश्न मात्र तोच आहे.

धाराशिव जिल्ह्याचंच बघा. उमरग्यापासून परंड्यापर्यंतच्या आठ तालुक्यांत शाळेतल्या शिक्षिका आहेत, नर्स आहेत, आशाताई आहेत, बँकेत आणि दुकानात काम करणाऱ्या मुली आहेत. सोयाबीनच्या काढणीला जाणाऱ्या बाया आहेत आणि दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघणाऱ्याही आहेत. बाळंतपणानंतर यातली प्रत्येक जण कधी ना कधी कामावर परतते. आणि मग दोन-तीन आठवड्यांत घरात एक वाक्य ऐकू येतं: "हिचं दूध आटलं."

त्यापाठोपाठ पावडरचा डबा येतो किंवा गाईचं पाणी घातलेलं दूध सुरू होतं. आईला वाटतं, आपल्याच अंगात काहीतरी कमी आहे. बहुतेक वेळा तसं नसतं. दूध आटण्यामागे एक साधं गणित असतं. ते कळलं तर बऱ्याच आयांना दूध टिकवता येतं. आणि ज्यांना ते टिकवता येत नाही, त्यांच्या बाबतीत नेमकं काय चुकतंय, तेही कळतं.

दूध तयार होतं कसं?

अंगावरचं दूध म्हणजे माठात भरून ठेवलेलं पाणी नव्हे. ते विहिरीसारखं असतं. उपसा होत राहिला की झरे मोकळे राहतात.

यामागे दोन हार्मोन्स आहेत. बाळ दूध ओढायला लागलं की आईच्या मेंदूतून प्रोलॅक्टिन स्रवतं, ते दूध तयार करायला सांगतं. दुसरं ऑक्सिटोसिन, ते तयार झालेलं दूध पुढे ढकलतं. यालाच आपल्याकडे पान्हा फुटणं म्हणतात. बाळाचा वास, त्याचं रडणं, कधी कधी नुसती त्याची आठवणसुद्धा पान्हा फोडायला पुरते. उलट वेदना, भीती किंवा टेन्शन असेल तर पान्हा अडखळतो. अशा वेळी दूध असतं, पण बाहेर येत नाही.

तिसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. स्तनात दूध साठून राहिलं की त्या दुधातलाच एक घटक 'आता निर्मिती कमी करा' असा इशारा देतो. त्यामुळे वारंवार रिकाम्या होणाऱ्या स्तनात दूध भराभर तयार होतं आणि भरून राहिलेल्या स्तनात निर्मिती मंदावते. हे दोन्ही बाजूंना वेगवेगळं चालतं. म्हणूनच बाळ एकाच बाजूने जास्त पीत असेल तर दुसऱ्या बाजूचं दूध कमी होतं.

मग कामावर गेल्यावर नेमकं काय होतं?

घरी असताना बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पितं. समजा, तुळजापूरची एक आई धाराशिवला ड्युटीला जाते. सकाळी साडेआठला घर सोडलं आणि संध्याकाळी साडेसहाला परतली, तर मधल्या दहा तासांतली तीन-चार पाजणं बुडतात.

पहिले काही दिवस छाती दगडासारखी भरून येते, दुखते, ब्लाउज ओला होतो. नंतर ते थांबतं. तिला वाटतं, शरीराला सवय झाली. प्रत्यक्षात शरीराने हिशेब करून टाकलेला असतो: एवढ्या दुधाची गरज दिसत नाही, कमी केलेलं बरं.

त्यात घरी बाळाला बाटलीने वरचं दूध दिलं जातं. पोट भरलेलं बाळ संध्याकाळी आईकडे कमी ओढतं, म्हणून मागणी आणखी घटते. मग दूध कमी म्हणून वरचं जास्त, आणि वरचं जास्त म्हणून दूध आणखी कमी. काही आठवड्यांत 'आटलं' हा निकाल लागतो.

म्हणजे बहुतेक वेळा दूध आटतं ते बुडालेल्या पाजण्यांमुळे. त्यामुळे उपायही तिथेच शोधावा लागतो: पाजणं बुडणार असेल, तर त्या वेळेला दूध काढायचं.

दूध खरंच कमी आहे का, हे ओळखायचं कसं?

बाळ रडतंय, छाती मऊ लागतेय किंवा पिळून थोडंसंच दूध आलं, यातली एकही गोष्ट दूध कमी असल्याचा पुरावा नाही. दीड-दोन महिन्यांनंतर छाती मऊ होणं स्वाभाविक आहे. बाळ ओढून जेवढं दूध काढतं, तेवढं हाताने किंवा पंपाने निघेलच असंही नाही.

खरी खूण दोनच ठिकाणी दिसते. एक, लघवी. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यानंतर फक्त अंगावर पिणारं बाळ २४ तासांत सहा किंवा त्याहून जास्त वेळा शू करत असेल आणि तिचा रंग फिका असेल, तर दूध पुरतंय. दुसरी खूण वजनाची. जन्मावेळचं वजन साधारण दोन आठवड्यांत भरून यायला हवं आणि पहिल्या सहा महिन्यांत महिन्याला किमान अर्धा किलो वाढ दिसायला हवी. हे वजन अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात फुकट करून मिळतं. त्यामुळे डबा उघडण्याआधी काटा गाठावा.

कामावर जाण्याआधी काय तयारी करायची?

सुट्टी संपायच्या साधारण दोन आठवडे आधी हाताने दूध काढायचा सराव सुरू करावा. पहाटे किंवा सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर काढलं तर बऱ्याच जणींना जास्त येतं. सुरुवातीला दोन चमचेच निघालं तरी घाबरायचं कारण नाही, सरावाने वाढतं.

बाळासाठी किती दूध ठेवावं लागेल? एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसभरात साधारण ७५० मिली दूध पितं, म्हणजे तासाला जेमतेम ३० मिली. आई आठ-दहा तास बाहेर असेल तर २५० ते ३०० मिली दूध लागतं. मोठा पेला भरेल एवढंच! घरात लिटरभर साठा हवा असं समजून अनेक जणी आधीच हार मानतात, ते गरजेचं नाही.

जी व्यक्ती बाळाला सांभाळणार आहे, म्हणजे आजी, जाऊ किंवा शेजारच्या काकू, तिनेही आई घरात असतानाच बाळाला काढलेलं दूध पाजून बघावं. पहिल्याच दिवशी बाळ, आजी आणि वाटी अशी तिघांची गाठ पडली तर गोंधळ ठरलेला.

हाताने दूध कसं काढायचं?

पंप मिळतात, पण ते असलेच पाहिजेत असं नाही. हात कायम सोबत असतात आणि त्यांना वीज लागत नाही.

हात साबणाने धुवायचे. स्वच्छ, रुंद तोंडाचं, पाण्यात उकळून घेतलेलं स्टीलचं भांडं घ्यायचं. कोमट ओल्या फडक्याने छाती शेकून हलका मसाज करायचा. बोंडशीपासून तीन-चार सेंटिमीटर मागे अंगठा वर आणि बोटं खाली ठेवायची. आधी छातीच्या दिशेने आत दाबायचं, मग अंगठा आणि बोटं जवळ आणायची, मग सैल सोडायची. कातडीवर बोटं घसरवायची नाहीत आणि बोंडशी ओढायची नाही, त्याने दूध येत नाही, नुसतं दुखतं. पहिला एखादा मिनिट काहीच येणार नाही, मग थेंब आणि नंतर धार. एका बाजूची धार मंदावली की दुसरी बाजू घ्यायची, मग परत पहिली. पूर्ण व्हायला साधारण २० ते ३० मिनिटं लागतात.

मोबाईलमधला बाळाचा व्हिडिओ अशा वेळी कामाला येतो, त्याने पान्हा लवकर फुटायला मदत होते.

दर तीन तासांनी एकदा, हे ढोबळ प्रमाण. नऊ ते सहाच्या ड्युटीत निघण्याआधी बाळाला पाजायचं, अकराच्या सुमारास, दुपारी जेवणाच्या सुट्टीत आणि साडेचारला दूध काढायचं, घरी पोहोचताच पाजायचं. तीनदा जमत नसेल तर दोनदा काढावं. दूध साठवायला जागा नसेल तर ते फेकावं लागलं तरी काढावं, कारण तो उपसा उद्याच्या दुधासाठी असतो.

आणि रात्रीचं पाजणं सोडू नये. प्रोलॅक्टिनचं प्रमाण रात्री जास्त असतं. दिवसा आई भेटत नाही म्हटल्यावर अनेक बाळं रात्रीच जास्त पितात. यात आईची झोप मोडते, हे खरं आहे. म्हणून त्या काळात सकाळचा स्वयंपाक आणि धुणं दुसऱ्या कुणीतरी करणं, हीसुद्धा दूध टिकवायलाच केलेली मदत असते.

काढलेलं दूध टिकतं किती वेळ?

खोलीचं तापमान २५ अंशांपर्यंत असेल तर झाकून ठेवलेलं दूध चार तास चांगलं राहतं. फ्रीजमध्ये चार दिवस. फ्रीझरमध्ये सहा महिन्यांच्या आत वापरलेलं चांगलं. बर्फाचे पॅक घातलेल्या थर्मासच्या डब्यात २४ तास.

पण हे आकडे धाराशिवच्या उन्हाळ्यात जसेच्या तसे लावता येत नाहीत. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे जातो. तेव्हा दूध बाहेर ठेवण्याच्या भरवशावर राहू नये. काढलं की लगेच बर्फाच्या डब्यात किंवा फ्रीजमध्ये ठेवावं. वीज बराच वेळ जात असेल तर फ्रीझरचा साठा करण्यापेक्षा रोजचं दूध दुसऱ्या दिवशी वापरणं जास्त सुरक्षित.

फ्रीजमधल्या दुधावर साय आल्यासारखा थर दिसतो. ते फाटलेलं नसतं, स्निग्धांश वर आलेला असतो. भांडं हलकं फिरवलं की एकजीव होतं. गॅसवर उकळायचं नाही, मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचं नाही. भांडं कोमट पाण्यात ठेवलं की पुरे. बाळाने उष्टं केलेलं दूध दोन तासांच्या आत संपवावं, नाहीतर टाकून द्यावं.

बाटली की बोंडलं?

आजीच्या पेटीत चांदीचं किंवा पितळी बोंडलं असेल तर ते बाहेर काढायची हीच वेळ आहे. जागतिक आरोग्य संघटनाही बाटलीपेक्षा उघड्या कपाने पाजायला सांगते. कारण सरळ आहे. बाटलीच्या कोपऱ्यात आणि निपलमध्ये दुधाचा अंश राहतो, त्यात जंतू वाढतात आणि बाळाला जुलाब होतात. शिवाय बाटलीतून दूध फारसं न ओढता येतं. त्याची सवय लागली की काही बाळं अंगावर प्यायला कंटाळतात. वाटी-चमचा, छोटा कप किंवा बोंडलं घासून उकळून घेणं सोपं असतं. बाळाला मांडीवर जरा बसतं धरून, ओठाला कड लावून, त्याच्या गतीने पाजायचं. तोंडात ओतायचं नाही.

डिंकाचे लाडू, अळीव, शतावरी: किती खरं, किती सांगोवांगी?

बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीची भाकरी, शेपू, मेथी, लसूण देण्याची पद्धत चांगली आहे, कारण त्यातून तिला ताकद, लोह आणि कॅल्शियम मिळतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. कामावर जाणारी आई डबा न खाताच दिवस काढते, त्यामुळे या खाण्याला महत्त्व आहे.

पण शतावरी किंवा मेथीने दूध हमखास वाढतं, असा भक्कम पुरावा नाही. शतावरीवर छोटे अभ्यास झालेत, त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. लाडू खाल्ला आणि पाजणी बुडतच राहिली तर दूध वाढणार नाही. पाण्याचंही तसंच. तहान लागेल तेवढं भरपूर प्यावं, पण तांब्यावर तांबे रिचवून दूध वाढत नाही.

काही गोष्टींनी मात्र दूध कमी होऊ शकतं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, म्हणजे सरकारी 'माला-एन'सारख्या, पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईने टाळायच्या असतात. सरकारी दवाखान्यात मिळणारी 'छाया' गोळी, 'अंतरा' इंजेक्शन किंवा तांबी हे पर्याय आहेत, नर्सताईंना विचारून ठरवावं. सर्दीच्या काही गोळ्यांमध्ये स्यूडोएफेड्रिन असतं, त्यानेही दूध घटू शकतं. मेडिकलमधून गोळी घेताना 'मी बाळाला पाजते' एवढं सांगायला विसरू नये.

उन्हातून आल्यावर दूध 'तापतं' का?

शेतातून आलेल्या आईने लगेच पाजू नये, दूध तापलेलं असतं, थोडं पिळून टाकावं, असं गावोगावी सांगितलं जातं. हा समज चुकीचा आहे. दुधाचं तापमान आईच्या शरीराएवढंच असतं, उन्हाने ते नासत नाही. उलट वाट बघायला लावल्याने भरलेली छाती आणखी वेळ तशीच राहते. आईने पाणी प्यावं, हात आणि छाती ओल्या कपड्याने पुसावी आणि बाळाला घ्यावं.

एक काळजी मात्र खरी आहे. सोयाबीन, तूर किंवा द्राक्षबागेत फवारणी चालू असेल तर पाजणाऱ्या बाईने त्या कामापासून दूर राहावं. तिथे जावंच लागलं तर आधी अंघोळ, मग कपडे बदलून बाळाला जवळ घ्यावं.

कायदा काय देतो?

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा २६ आठवडे झाली, त्यापुढच्या अपत्यासाठी १२ आठवडे. २६ आठवडे म्हणजे सहा महिने. बाळाला फक्त आईचं दूध द्यावं असं सांगितलं जातं, तो काळही तेवढाच. मात्र यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेतले तर कामावर परतताना बाळ चार-साडेचार महिन्यांचंच असतं.

रजेबद्दल बऱ्याच जणींना माहिती असते. पाजण्याच्या सुट्टीबद्दल नसते. कामावर परतलेल्या आईला बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोजच्या विश्रांतीव्यतिरिक्त दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी घेण्याचा हक्क आहे. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. बाळ जवळ नसेल तर त्याच दोन सुट्ट्यांमध्ये दूध काढू द्या, असं साहेबांना सांगायला हरकत नाही. लेखी अर्ज दिलेला बरा.

जागेचा प्रश्न वेगळा. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधानभवनात हिरकणी कक्षाची चर्चा सुरू झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या अधिवेशनात त्यांनी तिथल्या कक्षातली धूळ आणि गैरसोय माध्यमांसमोर मांडली. आमदाराला जे बोलून दाखवावं लागलं, ते तालुक्याच्या कचेरीतली कारकून कुणाला सांगणार? फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सार्वजनिक ठिकाणी स्तनपानासाठी आणि बाळाच्या देखभालीसाठी जागा असण्याची गरज अधोरेखित केली. दूध काढायला लागतं तरी काय? कडी असलेलं दार, एक खुर्ची, हात धुवायला पाणी आणि एक प्लग. ती जागा संडास असू नये.

उसाच्या फडातल्या आईचं काय?

इथपर्यंतचे सगळे सल्ले एक गोष्ट गृहीत धरतात: आईकडे मालक आहे, हजेरीपट आहे आणि जेवणाची सुट्टी आहे. धाराशिवच्या हजारो बायांकडे यातलं काहीच नसतं.

भूम, वाशी, कळंब, परंडा या पट्ट्यातून दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाड्याचे पैसे कापले जातात. पहाटे अंधारात फडात जायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडी भरायची. तान्हं बाळ एक तर फडाच्या कडेला झोळीत, नाहीतर कोपीवर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर.

बाळ फडात सोबत असेल तर निदान पाजणं बुडत नाही. पण खाली पाचट, वर ऊन, जवळ हात धुवायला पाणी नाही. बाळ कोपीवर ठेवलं तर आईचं दूध घटतं आणि त्याला पाणी, चहा-बिस्कीट किंवा पातळ केलेलं वरचं दूध मिळतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी अस्वच्छ पाण्यातलं दूध म्हणजे जुलाबाला आमंत्रण.

कायदा इथे थबकतो. साखर कारखाना म्हणतो, ही माणसं मुकादमाची. मुकादमाच्या लेखी तो फक्त मध्यस्थ असतो. मग पाजण्याची सुट्टी मागायची कुणाकडे? ऊसतोड कामगारांसाठी राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ आहे, पण फडातल्या तान्ह्या बाळासाठी हजेरीत अर्धा तास धरला जात नाही. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात मात्र कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई मजुरीवर नेमायची तरतूद केली गेली. फडावर तेवढंही नाही.

उरते ती आर्थिक मदत. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई हा तिचा एक उद्देश आहे. आता हे ५,००० रुपये सहा महिन्यांवर, म्हणजे १८० दिवसांवर वाटून बघा. दिवसाला २८ रुपये येतात. २८ रुपयांत घरी बस आणि बाळाला पाज, असं कुणाला सांगता येईल?

सरकारी 'पाळणा' योजनेतली अंगणवाडी-पाळणाघरं सहा महिन्यांपुढच्या मुलांसाठी आहेत. मजूर आई त्याच्या कितीतरी आधी कामावर परतलेली असते. सरकारी व्यवस्थेच्या आतही फरक आहेच. सरकारी कर्मचारी महिलेला १८० दिवसांची रजा आहे. पण घरोघरी जाऊन 'सहा महिने फक्त आईचं दूध द्या' सांगणारी आशाताई शासनाच्या लेखी स्वयंसेविका आहे, तिचा मोबदला कामागणिक मिळतो.

म्हणून अशा घरात काय शक्य आहे, ते बघावं लागतं. निघण्याआधी आणि आल्या आल्या पाजणं, रात्री बाळाला जवळ घेऊन हवं तेवढं पिऊ देणं, दुपारी एकदा तरी बाळ फडात आणून देणं, छाती भरून आली तर तिथेच हाताने दूध काढणं. आणि टोळीतल्या एका बाईने सगळ्यांची तान्ही सांभाळायची, तिची मजुरी टोळीने किंवा कारखान्याने भरायची. हे काही अवघड नाही, फक्त ते कुणाच्या तरी हिशेबात धरलं गेलं पाहिजे.

दूध आधीच कमी झालं असेल तर?

विहिरीचे झरे परत मोकळे होतात. दिवसातून आठ ते बारा वेळा बाळाला लावणं, उघड्या छातीशी बाळाला धरून ठेवणं, प्रत्येक वेळी दोन्ही बाजू देणं आणि पाजून झाल्यावर थोडं हाताने काढणं, असं केलं तर काही दिवसांत किंवा आठवड्यांत दूध वाढू लागतं. वरचं दूध एकदम तोडायचं नाही. बाळाचं वजन बघत हळूहळू कमी करायचं.

काही वेळा कारण शरीरातच असतं: थायरॉइड, मोठा रक्तस्राव, वारेचा तुकडा आत राहणं, बाळाच्या पकडीतला दोष. तेव्हा डॉक्टरांकडे जाणं हाच मार्ग. छातीत लाल, दुखरी गाठ आणि ताप असेल तर त्याच दिवशी दाखवावं, आणि पाजणं किंवा दूध काढणं थांबवू नये. बाळ सुस्त असेल, शू कमी करत असेल तर वाट बघूच नये. उपकेंद्रातल्या नर्सताई, जिल्ह्याचं स्त्री रुग्णालय किंवा १०४ या आरोग्य हेल्पलाइनवर विचारता येतं.

आणि सगळं करूनही वरचं दूध द्यावं लागलं, तर ती आई हरली असं नाही. डॉक्टरांना विचारून, स्वच्छ पाण्यात, योग्य प्रमाणात दिलेलं दूध बाळाला वाढवतं, आणि दिवसातून दोनदा मिळालेलं आईचं दूधही उपयोगाचंच असतं. फक्त ती गरज रील्समध्ये दिसणाऱ्या गुबगुबीत बाळाकडे बघून ठरवू नये. दोन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या दूध पावडरची आणि बाटल्यांची जाहिरात करायला भारतात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे.

पुढच्या वेळी घरात किंवा ऑफिसात कुणी म्हणालं, 'हिचं दूध आटलं', तर काय खातेस हे विचारण्याआधी एवढंच विचारावं: दिवसभरात तिला बसायला अर्धा तास आणि दार लावायला एक खोली मिळाली का?